मोहरीलांकडचा एसी आणि गोदूकाकूंची झोप

मोहरीलांकडे एसी आला आणि थोड्याच दिवसांत मीराबाईंची गादी समोरच्या खोलीत गेली.

चारुदत्त मोहरील मूळचे अमरावतीचे, नोकरी भोपाळच्या मंत्रालयात. छत्तीसगढ वेगळं झालं तेव्हा अधिकारी, कर्मचारी, खुर्च्या, कपाटं सगळ्यांचीच वाटणी झाली आणि चारुदत्त रायपूरच्या वाट्याला आले. शंकर नगरात सरकारी क्वार्टर मिळालं, तेही वरच्या मजल्यावरचं. दिवसभर तापलेला स्लॅब थेट डोक्यावर. भोपाळच्या तलावावरच्या वाऱ्याची सवय झालेल्या माणसाला इथला पहिला मे महिना जन्मठेपेसारखा गेला. कूलर लावला, तर वळवाचा शिडकावा होऊन गेला की त्याची हवा अंगाला चिकटायची. गच्चीवर झोपून पाहिलं, तर सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यांकडून वारा आला की सकाळी उशीवर काळी भुकटी आणि पांढऱ्या मिशीला न मागता कलप. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी ठरवलं, आता काही झालं तरी एसी.

खिडकीत बसवायचा एसी होता. चारुदत्त त्याला एसी म्हणत नसत, कौतुकानं ‘मशीन’ म्हणत. मशीन आली, मशीन बसवली, मशीन काय सुंदर चालते. तिच्यावर फिरवायचं एक बटण होतं. त्याच्या एका टोकाला बर्फाची बारीक चांदणी, दुसऱ्या टोकाला मोठी. चारुदत्तांनी पहिल्या दिवशी बटण मोठ्या चांदणीवर नेलं आणि हात झटकून म्हणाले, “झालं. आता याले कोणी हात लावू नका.”

मीराबाई एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. अंगानं किडकिडीत, हातपाय बारा महिने थंड. रायपूरच्या उन्हाळ्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. उलट वर्षातून चार महिने आपली बोटं माणसासारखी वागतात असं त्या म्हणत. मशीन आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या नाश्त्याला आल्या त्या पायात मोजे आणि डोक्याला माकडटोपी घालून. बाहेर सकाळी आठलाच लू सुटली होती.

“मम्मी, ये क्या है?” त्यांची मुलगी राधिका म्हणाली. ती कॉलेजात होती. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर यायचं ते हिंदीतच.

“तुझ्या पप्पाले विचार.”

चारुदत्त पोहे खात होते. त्यांचा चेहरा दोन वर्षांत दिसला नव्हता इतका ताजातवाना दिसत होता. “रात्री कोणीतरी बटण फिरवलं होतं,” ते म्हणाले. “मी परत नीट केलं.”

“मीच फिरवलं. अहो, पुरुषाच्या शरीराची भट्टी मोठी असते, तिच्यात जास्त जळते. बाईचे हातपाय लवकर थंड पडतात. तुम्हाले ज्या हवेत झोप लागते, त्या हवेत मले हुडहुडी भरते. हे मी मुलींना शिकवते.”

“मग मुलींले हेही शिकव,” चारुदत्त म्हणाले, “की थंडी वाजली तर माणूस पांघरूण घेऊ शकते. मले उकडलं तर मी काय काढू? कातडी?”

राधिका म्हणाली, “मम्मी, पापा का पॉइंट तो सही है,” आणि मीराबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं कॉलेजची पिशवी उचलली.

पांघरूण तर पांघरूण, म्हणून मीराबाई शाळा सुटल्यावर सदर बाजारात गेल्या. सोबत शेजारची ममता होती. ममताचं सासर शंकर नगरात, मोहरीलांच्या भिंतीला भिंत लागून. माहेर जुन्या रायपुरातल्या तात्यापाऱ्यात. तिला साडीचा फॉल घ्यायचा होता. फॉल झाल्यावर मीराबाई एका कापडाच्या दुकानात शिरल्या आणि म्हणाल्या, “भैया, रजाई दिखाना.”

दुकानदार पंख्याखाली बनियनवर बसला होता. त्यानं आधी मीराबाईंकडे पाहिलं, मग बाहेर डांबर वितळत होतं तिकडे पाहिलं.

“रजाई, दीदी? अभी?”

“हाँ. जयपुरी नहीं, मोटी वाली.”

“घर में किसी को मलेरिया है क्या?”

“नहीं. एसी है.”

रजया माळ्यावर होत्या. त्या काढायला दोन माणसं चढली, गळ्यापर्यंत घामानं भिजून खाली आली. एकीतून उंदरानं काढलेलं बिऱ्हाड निघालं. शेवटी एक लाल-पिवळी, गाढवाच्या ओझ्याएवढी रजई मीराबाईंनी पसंत केली. रिक्षात ती मांडीवर घेऊन बसताना दोघींनाही घेरी यायची बाकी राहिली.

“दीदी, ही तुम्ही एकटीसाठीच घेतली?” ममतानं विचारलं.

“एकटीसाठीच. त्याईले नाही लागत माझ्या रजईची गरज,” मीराबाई म्हणाल्या. त्या फक्त थंडीबद्दल बोलत होत्या. पण त्या वाक्याला ममतानं मनात एक गाठ मारून ठेवली.

रजईनं काही साधलं नाही. आत शिरलं की अंग भाजायचं, तोंड बाहेर काढलं की नाक गोठायचं. मीराबाई रात्रभर डोकं आत-बाहेर करीत राहायच्या आणि सकाळी वर्गात प्रकाशसंश्लेषण शिकवता शिकवता त्यांना जांभया यायच्या. शेवटी एक दिवस त्यांनी गादी गुंडाळली आणि समोरच्या खोलीत, मंद पंख्याखाली पसरली. चारुदत्त म्हणाले, “काहून? एवढं काय झालं?” त्या म्हणाल्या, “काही नाही. झोपायले जाऊन राहिली.”

भांडण असं झालंच नाही. दोघंही नेहमीसारखे चहा पीत, भाजी आणीत, वीज गेली की वीज मंडळाला एकत्र शिव्या देत. पण राधिकाला गंमत सुचली. मैत्रिणीशी फोनवर बोलताना ती मोठ्यानं हसून म्हणाली, “अरे, हमारे घर में तो बँटवारा हो गया! पापा मंत्रालय में बँटवारे की फाइलें देखते थे ना, अब घर में भी हो गया. बेडरूम पापा का, हॉल मम्मी का. और सब उसके आने के बाद हुआ, सच्ची!”

फोन खिडकीपाशी होता. खिडकीच्या पलीकडे ममता गॅलरीत कपडे वाळत घालत होती. रजई, एकटीसाठीच, वेगळ्या खोल्या आणि ‘उसके आने के बाद’. ममतानं शेवटचा टॉवेल पिळायचा तसाच ठेवला आणि माहेरी फोन केला.

तात्यापाऱ्यात ममताच्या माहेराशेजारी यशवंतराव आष्टीकर राहायचे. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, सत्तरीकडे झुकलेले, आवाज अजून प्लॅटफॉर्मवरचा. रायपूरच्या मराठी घरांत नवरा-बायकोचं बिनसलं की त्यांना बोलावणं जायचं, आणि नाही गेलं तरी ते यायचे. त्यांच्या पत्नी गोदूबाई, सगळ्यांच्या गोदूकाकू, सोबत असायच्या. काका बोलायचे, काकू मान डोलवायच्या. काकूंचं बोलणं फारसं कोणी ऐकलं नव्हतं. पदरानं सारखा घाम टिपत असायच्या, एवढं मात्र सगळ्यांच्या पाहण्यात होतं.

रविवारी सकाळी हे दोघं मोहरीलांच्या दारात उभे राहिले. चारुदत्तांना आनंदच झाला. मीराबाईंनी आमरसाचा बेत केला आणि गोदूकाकूंना घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. यशवंतरावांनी चारुदत्तांना हॉलमध्ये समोर बसवलं, कोपऱ्यातल्या गुंडाळलेल्या गादीकडे एकदा पाहिलं आणि घसा साफ केला.

“चारुदत्त, मी गार्ड होतो. मागचे डबे सुटले की मले नुसत्या आवाजावरून समजते.”

“हो काका,” चारुदत्त म्हणाले. त्यांना वाटलं रेल्वेची एखादी आठवण निघणार.

“मीरा या खोलीत काहून झोपते?”

चारुदत्त ओशाळले. ही गोष्ट तात्यापाऱ्यापर्यंत पोचली याचं त्यांना नवल वाटलं. “काका, आता तुमच्यापासून काय लपवायचं. ते मशीनमुळे...” असं ते म्हणणार होते, पण तेवढ्यात राधिका पाणी घेऊन आली, आणि मुलीसमोर कुरकुर नको म्हणून त्यांनी फक्त म्हटलं, “ती आल्यापासून.”

यशवंतरावांनी डोळे मिटले. राधिका आत जाईपर्यंत ते थांबले.

“आणि तू तिले सोडायले तयार नाही.”

“कशी सोडू? खरं सांगतो, तिच्याशिवाय मले आता झोपच येत नाही.”

“अरे, घरात लग्नाची पोट्टी आहे! तिचा तरी विचार करायचा!”

“राधिकाले पण आवडते ना ती. दुपारचा अभ्यास तिच्यासमोरच बसून करते.”

यशवंतरावांच्या हातातला पेला कलला आणि पाणी धोतरावर सांडलं. “म्हणजे ती दिवसाही इथंच असते?”

“आता कुठं जाईल?”

“ठेवली कुठं तिले?”

“बेडरूममध्ये. खिडकीत बसवली आहे.”

“खिडकीत?” यशवंतराव उभेच राहिले. “अरे, लोक पाहत नाहीत?”

“पाहू द्या. रस्त्यावरून दिसतेच. शंकर नगरात आता घरोघरी आहे, काका. आमच्या साहेबांकडं तर दोन आहेत.”

“चारुदत्त! चल, दाखव मले. आज मी तिच्याशीच बोलतो.”

यशवंतरावांनी बेडरूमचा दरवाजा ढकलला. आत पलंग, कपाट, राधिकाची उघडी पुस्तकं, आणि खिडकीत पांढरी पेटी घूंऽऽ करीत गार हवा सोडत होती. यशवंतरावांनी दाराआड पाहिलं. पलंगाखाली वाकून पाहिलं.

“कुठं आहे?”

“ही काय,” चारुदत्तांनी पेटीवर प्रेमानं हात ठेवला. “दीड टनाची आहे.”

काय घोटाळा झाला हे उमगायला यशवंतरावांना थोडा वेळ लागला, आणि ते चारुदत्तांना समजावून सांगायला त्याहून जास्त. स्वयंपाकघरात राधिकेनं सगळं ऐकलं होतं. ती ओट्याला धरून हसत खाली बसली. मीराबाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याही हसू लागल्या. गोदूकाकू मात्र हसत नव्हत्या. बेडरूमच्या उघड्या दारातून येणारी गार झुळूक त्यांच्यापर्यंत पोचली होती. पुरीची लाटी हातात धरून त्या झुळकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

जेवण जोरात झालं. आमरस, पुऱ्या, कुरडया, कैरीची चटणी. यशवंतरावांनी जेवता जेवता निकाल दिला: मशीन असो, माणूस असो, नवरा-बायकोनं खोली बदलायची नाही. “आम्ही पाहा. लग्नापासून एक खोली, एक पंखा. पंखा दोनवर. कधी कुरकुर नाही.” गोदूकाकूंनी मान डोलवली, पण नेहमीपेक्षा कमी.

जेवण झालं तेव्हा बाहेर असं ऊन होतं की रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. म्हाताऱ्या माणसांना अशा उन्हात पाठवणं शक्यच नव्हतं. मीराबाई म्हणाल्या, “काका, काकू, बेडरूममध्ये पडा थोडा वेळ. उन्हं उतरली की जा.”

दोघं आत गेले. दार लागलं. चारुदत्त हॉलमध्ये पंख्याखाली पेपर घेऊन घाम गाळत बसले, मीराबाई आपल्या गादीवर आडव्या झाल्या.

अर्धा तास झाला असेल नसेल, बेडरूमचं दार करकरलं. यशवंतराव बाहेर आले. पायापासून डोक्यापर्यंत त्यांनी ती सदर बाजारातली लाल-पिवळी रजई लपेटून घेतली होती. फक्त नाक बाहेर होतं आणि ते निळसर दिसत होतं.

“हे काय झोपायची जागा आहे?” ते म्हणाले. “हा तर मुडदे ठेवायचा खोका झाला! माझे दात वाजून राहिले. तुमची ती मशीन सरळ मानेवर तोफ डागते.”

मीराबाई ताडकन उठून बसल्या. त्यांना इतका आनंद कुणाला पाहून बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. “काका! तुम्हाले पण?”

“मग काय! चहा टाक पोरी, आलं जास्त टाक.”

“आणि काकू कुठं आहेत?”

“येईल ती. तिलेही झोप आली नसेल. तोंडानं बोलत नाही ती, सोसते.”

चहा झाला. गोदूकाकू आल्या नाहीत. दुसरा चहा झाला. उन्हं कलली, खालच्या रस्त्यावर गुपचूपवाल्याचा पाणीपुरीचा ठेला लागला, तरी दार बंदच. यशवंतराव रजई सावरत आत गेले आणि त्यांच्या मागोमाग सगळेच दारात उभे राहिले.

गोदूकाकू पलंगावर पूर्ण पसरल्या होत्या. हात एका टोकाला, पाय दुसऱ्या टोकाला, पदर बाजूला, अंगावर काही पांघरूण नाही. कपाळ कोरडं. चेहरा असा शांत की चारुदत्तांना क्षणभर भीतीच वाटली.

“गोदू, ऊठ. निघायचं आहे.”

“तुम्ही व्हा पुढं,” गोदूकाकू डोळे न उघडता म्हणाल्या.

“अं?”

“तुम्ही जा घरी. मी इथं आहे.”

यशवंतरावांनी वळून बाकीच्यांकडे पाहिलं, जणू हे दुसऱ्याच कोणीतरी म्हटलं होतं. “अगं, तुले थंडी नाही वाजत? बाईच्या अंगाले थंडी लवकर लागते, ही मीरा आत्ता सांगून राहिली होती.”

आता गोदूकाकू उठून बसल्या. केस मागे सारले. “मीरा शाळेत शिकवते, ती खरंच सांगत असेल. बहुतेक बायकांना वाजत असेल थंडी. मले नाही वाजत. मले उकडते. लग्न होऊन आली तेव्हापासून उकडते. पंखा दोनवर असतो ना, त्याचा वारा माझ्यापर्यंत येतच नाही. तुम्ही झोपले की मी उठून मोरीत जाऊन मानेवर पाणी मारून येते. रोज. तिथंच फरशीवर टेकून बसते थोडा वेळ, फरशी थंड असते म्हणून.”

मशीन तेवढी घूंऽऽ करत होती.

“तू कधी बोलली नाही,” यशवंतराव म्हणाले.

“तुम्ही कधी विचारलं? गार्ड तुम्ही. तुम्ही हिरवी झेंडी दाखवली की गाडी निघायची. डब्यात कोण बसलं, कसं बसलं, ते गार्ड कुठं पाहत बसते?”

मीराबाईंच्या लक्षात आलं की आपण हे ऐकायला नको होतं. त्यांनी राधिकेला स्वयंपाकघरात ओढलं. पण चारुदत्त तिथंच उभे राहिले. ते गोदूकाकूंकडे नाही, पलंगाकडे पाहत होते.

“काका,” ते हळूच म्हणाले, “तोफ मानेवर येते म्हणालात. तुम्ही कोणत्या बाजूला झोपला होता?”

“त्या. खिडकीकडच्या.”

“मी भिंतीकडून झोपतो. मले तर वाराच लागत नाही. म्हणून मी बटण वाढवत जातो.”

“आणि खिडकीकडून मी,” स्वयंपाकघरातून मीराबाई म्हणाल्या. “अमरावतीतही तिकडूनच झोपत होती, भोपाळलाही. ते कोणी पाहिलं?”

चारुदत्त पलंगाच्या खिडकीकडच्या बाजूला जाऊन आडवे झाले. मशीनचा गार झोत बरोबर कानाखाली आला. ते तसेच थोडा वेळ पडून राहिले. त्यांच्यासारख्या गरम माणसालाही मान आखडल्यासारखी वाटली. ही बाई इतके दिवस इथं निजली, मोजे घालून, आणि आपण तिला सांगत होतो की पांघरूण घे. ते उठले तेव्हा त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. म्हणाले, “राधिका, त्या टोकाला धर. मम्मीची सवयीची बाजू तिचीच राहू दे, पलंग फिरवायचा आहे.”

सागवानी पलंग तो, अमरावतीहून आलेला. फिरवायचा तर कपाट हलवावं लागणार, कपाट हलवायचं तर दार अडणार. चारुदत्त ओढत होते, राधिका “पापा, उधर से, उधर से” म्हणत ढकलत होती, यशवंतराव रजईतूनच शिटी मारल्यासारखे हुकूम सोडत होते, “आने दो, आने दो, बस!” आणि पलंगावर गोदूकाकू बसलेल्याच होत्या, कारण उतरायचं त्यांना कोणी म्हटलंच नाही. शेवटी डोकं होतं तिथं पाय आले. झोत आता चारुदत्तांच्या जागेवर पडायला लागला आणि भिंतीकडचा मीराबाईंचा कोपरा झोताबाहेर राहिला. चारुदत्तांनी स्वतः बटण धरलं आणि मोठ्या चांदणीवरून अर्ध्यावर आणलं.

“एवढ्यात चालेल मले,” ते म्हणाले. “तुले?”

मीराबाईंनी कोपऱ्यात हात धरून पाहिला, मग स्वतः बसून पाहिलं. “बघू,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी राधिकेला समोरच्या खोलीत गादी दिसली नाही. तिनं मैत्रिणीला फोन केला आणि या वेळी दार लावून बोलली.

मोहरीलांचं असं मिटलं. पेटलं ते तात्यापाऱ्यात.

घरी आल्यावर यशवंतरावांनी पंखा तीनवर केला. ही त्यांच्या दृष्टीनं मोठीच गोष्ट होती. पण त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि गोदूकाकूंना तीनवर काही फरक पडला नाही. दोघंही जागे राहिले, आणि सकाळी दोघंही एकमेकांवर उपकार केल्यासारखे वागले, जे भांडणापेक्षा वाईट. सोमवारी दुपारी गोदूकाकूंनी पिशवी घेतली आणि “मीराकडं जाऊन येते” म्हणून निघाल्या. मंगळवारी पुन्हा निघाल्या. राधिका कॉलेजातून आली की तिला बेडरूममध्ये काकू गाढ झोपलेल्या दिसायच्या. ती पुस्तकं घेऊन पलंगाच्या कडेला बसायची.

ममतानं हेही पाहिलं, आणि माहेरी फोन केला. तात्यापाऱ्यात चर्चा सुरू झाली की आष्टीकरांच्या घरी काहीतरी आहे. भाजीच्या ठेल्यावर एकानं यशवंतरावांना विचारलं, “काका, काकू माहेरी गेल्या का?” आजवर हा प्रश्न काका दुसऱ्यांना विचारायचे. ते भाजी न घेताच घरी आले आणि रिकाम्या खोलीत पंख्याखाली बसले. पंखा दोनवर होता. पहिल्यांदाच त्यांनी जाऊन बायकोच्या बाजूच्या गादीवर हात ठेवून पाहिला. वारा खरंच तिथवर येत नव्हता. मग ते मोरीत गेले. फरशीवर, भिंतीला टेकून बसून पाहिलं. उठताना गुडघ्यांनी बराच वेळ घेतला.

मागच्या खोलीत एक लोखंडी कूलर होता. धाकट्या मुलानं दोन वर्षांपूर्वी आणून दिलेला. यशवंतरावांनी त्याला एकदाच चालवून “वारा बोचते” म्हणून बंद केलं होतं, आणि गोदूकाकूंनी त्यात कांदे भरले होते. यशवंतरावांनी कांदे काढले. जाळ्या झाडल्या, कूलर ढकलत झोपायच्या खोलीत आणला. बाजारातून वाळ्याचा नवा पडदा आणला आणि तो खिडकीला बांधताना तीनदा खाली पाडला. टाकीत पाणी भरलं. बटण दाबलं तर आतून कांद्याच्या टरफलांचा एक झोत उडून त्यांच्या तोंडावर आला. टरफलं वेचत असतानाच गोदूकाकू परतल्या.

त्या दारात थांबल्या. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला होता, आणि कांद्याचाही थोडा.

“मी समोरच्या खोलीत झोपतो,” यशवंतराव म्हणाले. “तू इथं. पंखाही तुझा, हाही तुझा. कितीवर ठेवू?”

हा प्रश्न गोदूकाकूंना कोणी कधी विचारला नव्हता. “तुम्हाले चालेल तितक्यावर,” सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं.

“मी या खोलीत झोपून नाही राहिलो. तुले कितीवर?”

“मग पूर्ण,” गोदूकाकू म्हणाल्या.

कूलर पूर्ण सुटला. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडून खिळ्यावरून निसटलं. गोदूकाकू वाऱ्यासमोर बसल्या आणि पदर सोडून दिला. यशवंतराव पटकन उंबऱ्याबाहेर झाले.

“पण लोकाईले तुम्ही सांगत फिरता,” गोदूकाकू म्हणाल्या, “नवरा-बायकोनं खोली बदलायची नाही म्हणून.”

“सांगत होतो. मीराच्या इथं आमरस जास्त झाला होता.”

“आणि ममता?”

“बोलू दे तिले. खाट दारासमोरच टाकतो, दार उघडं ठेव. काही लागलं तर आवाज दे.”

“कूलरच्या आवाजात ऐकू येईल तुम्हाले?”

“गार्ड होतो मी,” यशवंतराव म्हणाले.

त्यांनी खाट दाराला तिरपी लावली, गळ्याला मफलर गुंडाळला आणि आडवे झाले. काकूंना बरंच काही बोलायचं होतं असं दिसलं. इतक्या वर्षांचं साठलेलं. त्या आतून बोलत राहिल्या, मुलाचं, मीराच्या आमरसाचं, मोरीतल्या गळक्या नळाचं, आणि यशवंतराव बाहेरून “हव, हव” म्हणत राहिले. मग हळूहळू आतलं बोलणं विरळ झालं, थांबलं, आणि त्या जागी घोरणं सुरू झालं. असं दणदणीत घोरणं त्यांनी बायकोचं आयुष्यात ऐकलं नव्हतं. थोडा वेळ त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग मफलर कानावर ओढला आणि कूस बदलली.